सत्तेचाळीस वर्षं चाललेला मर्ज

७ एप्रिल २००५ रोजी लिनस टोरवाल्ड्सने गिटमध्ये पहिला कमिट केला. लिनक्सचं काम तोवर बिटकीपर नावाच्या सॉफ्टवेअरवर चालायचं. त्याचा फुकट वापर बंद झाला आणि जगभर विखुरलेल्या शेकडो प्रोग्रामरांचं काम एका जागी जुळवायला दुसरं काहीतरी हवं झालं. अकरा दिवसांनी, १८ एप्रिलला, गिटमध्ये वेगवेगळ्या ब्रँचेसचा पहिला मर्ज झाला. जूनमध्ये लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती गिटवर सांभाळली जाऊन बाहेर पडलीसुद्धा.

आज आसनगावला लोकल पकडून ठाण्या-मुंबईकडे कोड लिहायला जाणाऱ्या शहापूर-मुरबाडच्या पोरापोरींना ब्रँच आणि मर्ज हे शब्द नवे नाहीत. पण हा प्रश्न कॉम्प्युटरने आणलेला नाही. एक मजकूर, त्याच्या अनेक प्रती, प्रत्येक प्रतीत कुणीतरी केलेला बदल, आणि शेवटी ‘यातलं खरं कुठलं?’ हा सवाल हातानं लिहिण्याच्या काळापासूनचा आहे. आपल्या मुलखात तो निदान दोनदा जाणीवपूर्वक सोडवला गेला. एकदा पैठणला, १५८४ साली. दुसऱ्यांदा पुण्याला, १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं घालवून. या दोन मर्जची, आणि त्यांच्यामध्ये काशीत झालेल्या तिसऱ्या एका मर्जची ही गोष्ट.

आधी वर्गणीची यादी

समजा, शेणव्यातल्या एका गणेश मंडळाची वर्गणीची यादी आहे. चाळीस नावं. दोन पोरं त्या यादीची एकेक प्रत घेऊन दोन आळ्यांत फिरायला गेली. संध्याकाळी दोन्ही याद्या समोर ठेवल्या. एका यादीत एका काकांपुढे दोनशे लिहिलेत, दुसरीत पाचशे. एका यादीत एक नाव आहे, दुसरीत ते नाहीच.

आता काय करायचं? नुसत्या दोन याद्या बघून काहीच ठरत नाही. ते जास्तीचं नाव पहिल्याने नव्याने घातलं, की दुसऱ्याने खोडलं? दोन्ही शक्य आहे. हे कळायला तिसरा कागद लागतो. सकाळी दोघांनी जिच्यावरून प्रती केल्या, ती मूळ यादी. मूळ यादीत दोनशे असतील, तर बदल दुसऱ्याने केला, पाचशे घ्या. मूळ यादीत ते नाव नसेल, तर पहिल्याने घातलंय, राहू द्या. आणि मुळात दोनशे असताना एकाने तीनशे आणि दुसऱ्याने पाचशे केले असतील, तर मात्र माणसाला विचारावं लागेल. यालाच कॉन्फ्लिक्ट म्हणतात.

गिट मर्ज करताना हेच करतं. दोन ब्रँचेस घेतं, दोघींचा सर्वांत जवळचा सामायिक पूर्वज शोधतं आणि तिघांची तुलना करतं. म्हणून त्याला थ्री-वे मर्ज म्हणतात. गिटला पूर्वज सापडतो, कारण प्रत्येक कमिटमध्ये त्याच्या आधीचा कमिट कोणता, याची नोंद असते. मर्जच्या कमिटमध्ये तर दोन पालकांची नोंद असते. सगळी जादू त्या नोंदीत आहे.

पोथीत अशी नोंद नसते. फार तर शेवटी लेखकाचं नाव, गाव आणि शक लिहिलेला असतो. समोर कुठली पोथी ठेवून ही उतरवली, हे बहुधा कुणी लिहीत नसे. पोथ्या जुळवू पाहणाऱ्यांची अडचण नेमकी इथे होती.

पैठण, शके १५०६

ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो शक १२१२, म्हणजे १२९०. पुढची तीनशे वर्षं ती उतरवून उतरवून पसरली. उतरवणारा कधी शब्द चुकला, कधी जुना शब्द न कळल्याने त्याने ओळखीचा शब्द घातला, कधी भक्तीच्या भरात स्वतःची ओवी जोडली. संत एकनाथांपर्यंत ग्रंथ पोचला तेव्हा पाठापाठांत फरक पडलेला होता. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ग्रंथ शुद्ध केला. हे त्यांनी स्वतःच ग्रंथाअखेरच्या ओव्यांत सांगून ठेवलंय, आणि यापुढे यात कुणी आपली ओवी मिसळू नये अशी कडक शब्दांत तंबीही दिलीय. आजच्या भाषेत म्हणायचं, तर नाथांनी मेन ब्रँच लॉक केली.

ती तंबी पुष्कळ पाळली गेली. आज घराघरांत वाचली जाते ती ज्ञानेश्वरी नाथांच्याच परंपरेतली. पण एक गोष्ट मागे राहिली नाही: कामाचा कच्चा कागद. किती पोथ्या समोर होत्या, कुठल्या ओव्या काढल्या, कुठला शब्द का निवडला, यातलं काही आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. मर्ज झाला, लॉग गेला. इतिहासाचार्य राजवाड्यांना बीडजवळच्या पाटांगणला एक पोथी मिळाली. ती नाथांच्या आधीच्या वळणाची आहे असं त्यांचं म्हणणं होतं, आणि १९०९ मध्ये त्यांनी ती छापली. अभ्यासकांचा वाद सुरू झाला. त्या वादाचं मूळ इथेच आहे. नाथांनी काय बदललं, हे ताडून बघायला नाथांचा स्वतःचा हिशेब हाताशी नव्हता.

कोपरगावचे नीलकंठ

नाथांनंतर सुमारे शंभर वर्षांनी, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, गोदाकाठच्या कोपरगावकडच्या घराण्यातले नीलकंठ चतुर्धर काशीत बसून महाभारतावर टीका लिहीत होते. तिचं नाव भारतभावदीप. टीका लिहायची, तर आधी मूळ पाठ ठरवायला हवा. त्यासाठी निरनिराळ्या प्रदेशांतल्या पुष्कळ पोथ्या जमवून उत्तम पाठ निवडले, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलंय.

काशीत हे शक्य होतं. देशभरचे पंडित तिथे यायचे आणि पोथ्याही यायच्या. देवनागरी तर सगळ्यांना वाचता येणारी लिपी. पण त्यामुळेच देवनागरी पोथ्यांत सगळीकडचं पाणी मिसळलं. आपल्या भातसेचं बघा. ती काळूला मिळते, काळू पुढे उल्हासला मिळते. कल्याणच्या खाडीत उभं राहून ओंजळीतलं पाणी भातसेचं की काळूचं, हे कुणी सांगू शकणार नाही. नीलकंठांच्या पाठाचं असंच झालं. निरनिराळ्या शाखांत वाढलेला मजकूर त्यात एकत्र आला, आणि कुठली ओळ कुठून आली याची खूण उरली नाही. गिटच्या भाषेत, मर्ज पुष्कळ झाले, पण दुसऱ्या पालकाची नोंद कुठेच नाही.

टीका मात्र फार चांगली होती, त्यामुळे तिच्याबरोबर हा पाठही देशभर गेला. छापखाने आले तेव्हा मुंबईत गणपत कृष्णाजींनी आणि पुढे पुण्यात चित्रशाळा प्रेसने महाभारत छापलं ते नीलकंठी टीकेसह. छापल्यामुळे हाच पाठ ‘महाभारत’ म्हणून रूढ झाला.

पुण्यातले कागद

महाभारताच्या सगळ्या शाखा ताडून एक चिकित्सक आवृत्ती करावी, असं १८९७ मध्ये पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत विंटरनिट्झ यांनी सुचवलं होतं. युरोपात थोडी सुरुवातही झाली, पण पहिल्या महायुद्धात ते काम विझलं. पुण्यात १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर उभं राहिलं. पुढच्याच वर्षी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या कामासाठी एक लाख रुपयांचं आश्वासन दिलं. १ एप्रिल १९१९ रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला. १९२३ मध्ये ना. बा. उटगीकरांनी विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती काढली. ती जगभरच्या विद्वानांनी बघावी आणि चुका दाखवाव्यात हाच तिचा हेतू होता. आज आपण रिव्ह्यूसाठी पुल रिक्वेस्ट टाकतो, त्यातलाच प्रकार.

ऑगस्ट १९२५ मध्ये विष्णू सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला त्यांनी गणित घेतलं होतं, मग बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृत. गणिताची ती शिस्त कामात दिसते. प्रत्येक श्लोकासाठी आखलेला मोठा कागद. वरच्या ओळीत प्रचलित पाठ, एकेका चौकोनात एकेक अक्षर. खाली एकेका पोथीसाठी एकेक ओळ. त्या पोथीत जिथे अक्षर वेगळं, तिथे त्याच चौकोनाखाली तेवढंच नोंदवायचं. जास्तीचा श्लोक असेल तर तो समासात. डिफ दाखवणारं कुठलंही टूल आज स्क्रीनवर जे दाखवतं, ते हे लोक शाईने कागदावर करत होते. पुण्याखेरीज शांतिनिकेतन आणि तंजावर इथेही पोथ्या ताडून बघण्याची केंद्रं होती. संपूर्ण प्रकल्पात १,२५९ हस्तलिखितं हाताळली गेली.

आता अवघड भाग. शाखा समोर आहेत, पूर्वज नाही. सुकथनकरांनी शाखा लावल्या त्या मुख्यतः लिपीवरून. काश्मीरची शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली आणि देवनागरी या उत्तरेच्या. तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम या दक्षिणेच्या. लिपी कशासाठी? कारण उतरवणारा वाचता येईल तीच पोथी समोर ठेवणार. शारदा लिपी काश्मीरबाहेर फारशी कुणाला येत नव्हती, त्यामुळे त्या शाखेत बाहेरचं कमी शिरलं. मल्याळम लिपी दुसऱ्या टोकाला. या दोघींची एकमेकींशी गाठ पडण्याचं कारणच नव्हतं. मग काश्मीर आणि केरळ एखाद्या शब्दावर एकमताने बोलले, तर तो शब्द दोघींनी कुठून घेतला असेल? फुटण्याआधीच्या सामायिक पाठातूनच. पूर्वज हातात नसताना त्याचा अंदाज बांधायचा तो असा.

आणि वर्गणीच्या यादीतल्या त्या जास्तीच्या नावाचं काय? एखादी कथा काही शाखांत आहे, काहींत नाही. वाढवली की गाळली? सुकथनकरांचा युक्तिवाद साधा होता. लोकांना आवडणारी, देवाधर्माची कथा एकमेकांना न ओळखणाऱ्या लेखकांनी दूरदूरच्या प्रदेशांत नेमकी तीच आणि तेवढीच गाळावी, हे पटण्यासारखं नाही. उलट अशी कथा एका ठिकाणी जोडली जाऊन आसपास पसरणं अगदी सहज आहे. म्हणून स्वतंत्र शाखांत नसलेला मजकूर बहुधा नंतरचा.

सगळ्यांना हे पटलं असं नाही. सिल्व्हाँ लेव्ही या मोठ्या फ्रेंच पंडितांनी सुचवलं, की हा खटाटोप सोडा, नीलकंठांचाच पाठ वर छापा आणि खाली पाठभेद द्या. सुकथनकरांनी ते मानलं नाही. नीलकंठी पाठ हीच मुळात मिसळ; ती पाया म्हणून घेतली, तर नंतरची भर जुन्या मजकुराच्या जागी बसणार. मात्र आपण व्यासांचं मूळ महाभारत शोधून काढलं, असाही दावा त्यांनी केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जिथवर मागे जाता येतं, तिथला हा पाठ, एवढंच त्यांचं म्हणणं.

गणपती कुठे गेला?

या पद्धतीने पहिलं, म्हणजे आदिपर्व, १९३३ मध्ये पूर्ण झालं. त्यात एक गोष्ट मुख्य पाठात नव्हती: व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही. लहानपणापासून ऐकलेली, चित्रांत पाहिलेली गोष्ट. पुढे फ्रँकलिन एजर्टन यांनी सभापर्व संपादित केलं, तेव्हा आणखी मोठा धक्का बसला. संशोधित पाठात द्रौपदी कृष्णाचा धावा करत नाही. वस्त्र ओढलं जातं, नवं वस्त्र येत राहतं, पण ते कोण पुरवतं याचा उल्लेख नाही.

इथे कुणाच्याही मनात येईल, की पंडितांनी आमचा गणपती आणि आमचा कृष्ण डिलीट केला. पण पुस्तक उघडून पाहिलं तर गणपती तिथेच आहे. आदिपर्वाच्या परिशिष्टात, कुठल्या पोथ्यांत आहे त्या नोंदीसकट. काढलेले छोटे तुकडे त्याच पानावर खाली, तारकेच्या खुणेने क्रमांक देऊन छापलेत. लांब प्रसंग परिशिष्टात. प्रत्येक शब्दाचे पाठभेद तळाशी. जिथे संपादकाची खात्री नाही, त्या शब्दाखाली नागमोडी रेघ. जिथे कुठल्याच पोथीत नसलेला शब्द संपादकाने स्वतः सुचवला, तिथे तारका, आणि अशा जागा अगदी मोजक्या. म्हणजे वरचा पाठ नको असेल, तर खालच्या नोंदींवरून तुम्ही काश्मिरी पाठ पुन्हा उभा करू शकता, नाहीतर दाक्षिणात्य. संपादकाचा निर्णय फिरवायची सोय संपादकानेच करून ठेवली आहे.

नाथांचा मर्ज श्रद्धेवर टिकला, नीलकंठांचा टीकेच्या गुणावर. पुण्याचा मर्ज टिकला तो त्याच्या हिशेबावर. आणि त्या हिशेबाची परीक्षाही लवकरच झाली. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळमधून एक जुनी पोथी पुढे आली. आदिपर्वाची तोवर माहीत असलेली ती सर्वांत जुनी प्रत. सुकथनकरांनी तिच्यावर लेख लिहिला. संपादनाच्या वेळी जी पोथी समोरच नव्हती, तिनेच त्यांच्या बहुतेक निर्णयांना दुजोरा दिला होता. अंदाजाने बांधलेल्या पूर्वजाला नंतर सापडलेल्या साक्षीदाराने ओळखलं, असं म्हणायला हरकत नाही.

सुकथनकर २१ जानेवारी १९४३ रोजी गेले. महाभारताच्या अर्थावरच्या चार व्याख्यानांची त्यांची माला मुंबईत चालू होती. चौथं व्याख्यान द्यायचं राहिलं. काम मात्र थांबलं नाही, कारण पद्धत कागदावर होती. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि त्यांच्यानंतर प. ल. वैद्य यांनी ते पुढे नेलं. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत प्रकल्प पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. एकोणीस खंड, तेरा हजारांवर पानं.

५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर जमावाने हल्ला केला. कपाटं फुटली, पोथ्या विखुरल्या, काही खराब झाल्या. त्या दिवसाचं नुकसान भरून येणारं नाही. पण चिकित्सक आवृत्तीतली नोंद तोवर जगभरच्या ग्रंथालयांत पोचलेली होती. गिटमध्ये प्रत्येक क्लोनजवळ पूर्ण इतिहास असतो, तो कशासाठी, हे समजायला याहून वेगळं उदाहरण नको.

रेपॉझिटरीबाहेरचं

या मर्जलाही मर्यादा आहे. त्यात आलं ते फक्त पोथीत लिहिलेलं. कृष्णाचं बोट कापलं आणि द्रौपदीने भरजरी शालू फाडून चिंधी बांधली, ही गोष्ट मराठी घरांत सगळ्यांना पाठ असते. ती संशोधित पाठात नाही. ज्यांनी ती सांगत सांगत आपल्यापर्यंत आणली, त्यांच्या हातात पोथी आणि बोरू नव्हता. म्हणून ती गोष्ट खोटी ठरत नाही. ती वेगळी शाखा आहे, आणि तिचा इतिहास वेगळ्या पद्धतीने शोधावा लागेल. गडबड होते ती कुठली शाखा हे न सांगता ‘महाभारतात असं लिहिलंय’ म्हटल्यावर. दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा द्रौपदी ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ म्हणाली, आणि म्हणून एवढं युद्ध झालं, असं व्हॉट्सॲपवर येतं. संशोधित पाठात भीम आणि इतर हसतात. पुढे दुर्योधन बापापाशी तक्रार करताना द्रौपदीही हसली असं सांगतो. ते वाक्य तिच्या तोंडी नाही. युद्धाचं खापर एका बाईवर फोडायच्या आधी एवढं तपासायला काय हरकत आहे?

तपासता येतं, कारण पुण्यातल्या माणसांनी नुसता निकाल ठेवला नाही, निकालापर्यंतचा रस्ता ठेवला. आपल्या कामातही मर्ज करताना गिट बराचसा भाग आपणहून जुळवतं. उरतो तो कॉन्फ्लिक्ट, आणि तिथे दोन्हींपैकी एक ओळ निवडून पुढे जायचा मोह होतो, कमिटच्या संदेशात ‘फिक्स’ एवढा एक शब्द टाकून. तिथे दोन ओळी जास्त लिहाव्यात. काय ठेवलं, काय सोडलं, का सोडलं. आणि जिथे खात्री नाही, तिथे नागमोडी रेघ ओढावी. ती बघून पुढच्या माणसाला कळतं, की इथे अजून काम बाकी आहे.